कोनशिलेवर पाऊस लिहा

अभियंता म्हणून नोकरीला लागलो तेव्हा वरिष्ठांनी पहिली गोष्ट शिकवली. ओढ्यावर पूल बांधायचा तर आधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गाठायचं आणि पाणी कुठंवर आलं होतं ते विचारायचं. म्हातारा काठी टेकत यायचा आणि दाखवायचा. देवळाची तिसरी पायरी, चिंचेच्या खोडावरची गाठ, कुणाच्या तरी गोठ्याचा उंबरा. तिथं आम्ही लेव्हल घ्यायचो. ती झाली एचएफएल, महत्तम पूरपातळी. तिच्यावर थोडी मोकळी जागा सोडून पुलाचा स्लॅब.

दुसरा आधार इंग्लिस साहेबाच्या सूत्राचा. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या, घाटातून उतरणाऱ्या नद्यांवरून बसवलेलं सूत्र. त्यात पाणलोट क्षेत्र घातलं की पूर बाहेर पडतो. त्यातली गंमत मला फार उशिरा उमगली. या सूत्रात पाऊस कुठंच घालावा लागत नाही. त्या काळचा पाऊस साहेबानं एका ठरीव आकड्यात मुरवून टाकलाय. आभाळ कितीही बदलो, उत्तर तेच. आणि आभाळ तर बदललंय. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, हे आता शाळेतली पोरंही सांगतात.

आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. 'शंभर वर्षांतून एकदा येतो असा पूर,' असं जो तो म्हणाला. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तेच. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग दोन्ही वेळा पाण्याखाली. २०१९ ला तर जवळपास आठवडाभर. पेट्रोल राखून ठेवावं लागलं, दूध संकलन थांबलं, आणि नदीकाठची उपसा केंद्रंच बुडाल्यानं चहूकडं पाणी असलेल्या शहराला प्यायच्या पाण्यासाठी टँकरमागं पळावं लागलं.

'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी लोकांची फार फसवणूक होते. एकदा येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच अर्थ. मोठ्या पुलाचं आयुष्य आता १०० वर्षं धरतात. त्या आयुष्यात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ६३ टक्के. पूरनियंत्रणाची निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. तिला चिकटून कुणी फ्लॅट घेतला तर २० वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत दारात पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. हा हिशेबही पाऊस पूर्वीसारखाच पडेल असं धरून केलेला.

आता माझ्या हातून झालेलं एक काम सांगतो. १९८८ साली एका ओढ्यावर मी पाच गाळ्यांचा पूल काढला होता. अंदाजपत्रक वर गेलं आणि 'खर्च कमी करावा' असा शेरा घेऊन परत आलं. मी तीन गाळे ठेवले, उरलेल्या जागी मुरुमाचा भराव टाकला. सही माझीच. २०१९ ला नदी उतरली तरी त्या भरावाच्या वरच्या अंगाचं पाणी तीन दिवस हललं नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तिथं गेलो होतो. एका शेतकऱ्यानं ओळखलं. उसाच्या कुजक्या वासात उभा राहून म्हणाला, "सायेब, तुमी दोन गाळं वाचीवलासा, आमचं दोन एकर गेलं बघा." रागानं बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तो पूल अजून धडधाकट आहे. २०८८ पर्यंत सहज टिकेल. मी नसेन.

आमच्या खात्यांचा हिशेब इथंच चुकतो. पुलापेक्षा भराव कितीतरी स्वस्त, म्हणून पूरपट्ट्यातून रस्ता न्यायचा तर मधे थोडा पूल आणि दोन्ही बाजूंना लांबलचक भराव. कागदावर बचत दिसते. पण भराव म्हणजे दरवाजे नसलेलं धरण, आणि त्याची किंमत वरच्या अंगाची गावं दर पुराला भरतात. ती अंदाजपत्रकात कुठल्याच रकान्यात येत नाही. पूर आला की आपण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडं बोट दाखवतो. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं, तरी ते बोट खाली आलेलं नाही. दारातल्या भरावाकडं बघायला मान वळवावी लागते. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला इथं विरोध झाला तेव्हा भरावानं पूर वाढेल, ही भीतीही शेतकरी बोलून दाखवत होते. तिला मी तरी अडाणीपणा म्हणणार नाही.

लांबचं बघणं आपल्या मातीला नवं नाही. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलं. पैसे संपले, काम थांबलं, १९२२ मध्ये महाराज गेले. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात. वीज लागत नाही, की साहेबाचा फोन लागत नाही. ज्याचं पाणी आपल्याला बघायला मिळेल याची खात्री नाही, असं काम हाती घेणारा राजा इथं होऊन गेला. आणि आम्ही पाच वर्षांच्या आत फीत कापता येईल तेवढंच मोठं बांधतो.

माझी मागणी लहान आहे. पूल, उपसा केंद्र, वीज उपकेंद्र अशा कामांवर कोनशिला बसते. तिच्यावर मंत्र्यांपासून सरपंचांपर्यंत सगळे असतात, पाऊस नसतो. तिथं आणखी चार ओळी कोराव्यात. कुठल्या सालचा पूर धरला, तासाला किती पाऊस धरला, किती वर्षांसाठी बांधलं, आणि हा हिशेब पुन्हा कधी तपासणार. दर दहा वर्षांनी तपासणी सक्तीची करावी. आकडा जुना निघाला तर गाळे वाढवावेत, पंप उंचावर न्यावेत. आणि अंदाजपत्रकात वरच्या अंगाच्या नुकसानीचा रकाना घालावा, मग भराव किती स्वस्त आहे ते बघू.

तोवर एक करा. तुमच्या गावात रस्त्याची जनसुनावणी लागेल तेव्हा नकाशापाशी उभ्या असलेल्या अभियंत्याला विचारा, "साहेब, पूर कुठल्या सालचा धरलाय?" तो नजर चुकवेल. मीही चुकवली असती. त्याला दटावू नका, उत्तर लेखी घ्या.