नाव कानाचे, काम बंदुकीचे

अमेरिकेच्या संसदेत २०१५ पासून एक विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं जातंय. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘श्रवण संरक्षण कायदा’. ऐकून वाटेल, कर्णबधिरांसाठी काही योजना असेल. प्रत्यक्षात ते आहे बंदुकीच्या सायलेन्सरवरचं केंद्र सरकारचं खास नियंत्रण काढण्यासाठी!

थोडा इतिहास पाहू. दारूबंदीच्या काळात तिथे गुंडांच्या टोळ्यांनी धुमाकूळ घातला होता. म्हणून १९३४ साली राष्ट्रीय बंदूक कायदा झाला. मशीनगन, आखूड नळीची रायफल किंवा सायलेन्सर घ्यायचा तर २०० डॉलर कर भरायचा आणि सरकारी नोंदवहीत नाव लिहायचं. बोटांचे ठसे, फोटो, पूर्वचरित्राची तपासणी हेही आलंच. तेव्हाचे २०० डॉलर म्हणजे आजचे चार हजारांहून जास्त. पण हा आकडा नव्वद वर्षांत कुणी वाढवलाच नाही, त्यामुळे कराचा धाक आपोआप गेला. धाक उरला तो नोंदवहीचा.

विधेयकाचे समर्थक म्हणतात, गोळीच्या आवाजाने शिकाऱ्यांचे कान जातात. हे खोटं नाही. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि सायलेन्सर त्यातले साधारण २० ते ३५ कमी करतो. सिनेमात दाखवतात तसा नुसता ‘फुस्स’ आवाज येत नाही, हेही खरं. पण मग कान वाचवायला नोंदवही कशाला मिटवायची? सायलेन्सर आजही बहुतेक राज्यांत कायदेशीर मिळतो, फक्त नोंद करून. नोंद गेली की तो साध्या रायफलसारखा विकला जाईल. दुकानदार तपासणी करेल, पण एकाच राज्यातल्या दोन माणसांनी आपसात व्यवहार केला तर केंद्राचा कायदा तपासणी मागत नाही. २०१९ मध्ये व्हर्जिनिया बीचला एका माणसाने १२ जणांना मारलं, तेव्हा त्याच्या पिस्तुलाला सायलेन्सर होता. अर्थात त्याने तो कायदेशीरच घेतला होता, म्हणजे नोंदवही सगळं थांबवते असंही नाही. पण वस्तू कुणाकडे आहे हे निदान कळतं.

२०२५ मध्ये हे कलम थेट अर्थसंकल्पाच्या मोठ्या विधेयकात घुसवलं गेलं. सिनेटच्या नियम-अधिकाऱ्यांनी सांगितलं, इथे फक्त पैशाच्या गोष्टी चालतील, नोंदणी काढता येणार नाही. मग काय, करच शून्य केला! १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड बंदुकांना तो लागत नाही. मशीनगनला मात्र २०० डॉलर तसेच.

मला हीच चाल जास्त खटकते. कारण १९३७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा टिकवला तो कर म्हणून. आता बंदूकवाले कोर्टात गेलेत आणि विचारतायत, करच नाही तर नोंदणी कशाच्या जोरावर घेता?