दही मोडलं की पाणी सुटतं

घर घेताना आपले लोक शाळा बघतात, ऑफिसचं अंतर बघतात, किचनमधला ग्रॅनाइट तर दोनदा बघतात. सह्या करायची वेळ आली की मला विचारतात, "अरे, तू मातीवाला ना? इथली जमीन कशी आहे?" त्यांना मातीचं नाव ऐकायचं असतं. चिकणमाती, वाळू, मुरूम. पण नुसत्या नावानं अर्धंच कळतं. माती कशाची आहे याइतकंच ती आतून कशी रचली गेली आहे, याला महत्त्व असतं.

कवडीसारखं लागलेलं दही आठवा. वाटी कलती केली तरी ते हलत नाही. त्यालाच रवी लावा, की ओतता येतं. वरून थेंबभर पाणी घातलेलं नसतं, मोडलेली असते ती फक्त आतली बांधणी. काही चिकणमाती अशाच असतात. म्हणून आम्ही मातीची ताकद दोनदा मोजतो, एकदा आहे तशी आणि एकदा तेवढ्याच ओलीत मळून. पहिली ताकद दुसरीच्या किती पट, ती त्या मातीची संवेदनशीलता. नेहमीच्या मातीत ती दोन-चार पट असते, पण नॉर्वे आणि कॅनडातल्या काही मातींत शंभराच्याही वर जाते.

अलास्कातल्या अँकरेजला हे फार महागात पडलं. 27 मार्च 1964 रोजी तिथे 9.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि जमीन चार मिनिटांहून अधिक काळ हादरत राहिली. टर्नअगेन हाइट्स या समुद्रकाठच्या वस्तीखाली चिकणमातीचे संवेदनशील थर होते. हादऱ्यांनी त्यांची बांधणी मोडली, सुमारे 130 एकर जमीन समुद्राच्या दिशेनं सरकली आणि जवळपास 75 घरं गेली. त्या जागेच्या एका भागात आज अर्थक्वेक पार्क आहे.

कॅलिफोर्नियात सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिम कडेला गोष्ट उलटी. डोंगरातून वाहून आलेला चिखल तिथे पसरून सुकला. पाऊस कमी, त्यामुळे खालची माती कधी नीट भिजलीच नाही. कण एकमेकांना जेमतेम धरून उभे, मध्ये पोकळी, पत्त्यांचा बंगलाच म्हणा. शेतीचं पाणी आलं आणि जमीन कुठे एक, कुठे तीन, क्वचित साडेचार मीटर खचली. 1960च्या दशकात त्या भागातून कॅलिफोर्निया अ‍ॅक्विडक्ट हा मोठा कालवा न्यायचा होता. इंजिनिअरांनी वाटेतल्या जमिनीवर आधी तळी करून महिनोन्‌महिने पाणी मुरवलं. जे खचायचं ते खचू दिलं आणि मग कालवा बांधला.

डॅलसकडच्या मंडळींना काळ्या मातीची ओळख करून द्यायला नको. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या मातीचीच ती बहीण. प्रयोगशाळेत तिच्या ढेकळातून पाणी जाता जात नाही. शेतात मात्र उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्यांतून थेट खोल उतरतो. माती फुगते, पुन्हा सुकते, आणि घराचा एक कोपरा वर, दुसरा खाली होतो. तिथले लोक उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती झिरपणारी नळी टाकतात, याचं नव्यानं आलेल्यांना हसू येतं. पण पाया टिकतो तो ओल चारी बाजूंनी सारखी राहिल्यामुळे. पन्हळीचं पाणी एकाच कोपऱ्यात पडू देऊ नका, मोठी झाडं भिंतीला लागून लावू नका.

आर्थर कासाग्रांडे यांनी 1932 सालीच चिकणमातीच्या रचनेवर निबंध लिहून मळलेल्या नमुन्यावर विसंबण्यातला धोका दाखवला होता. तरी खर्च वाचवायला पिशवीत भरलेल्या मातीवर काम भागवणारे आजही भेटतात. इथे बांधा किंवा गावी आईवडिलांसाठी बांधा, मातीचा अहवाल मागा आणि एक प्रश्न जरूर विचारा: नमुना न मोडता काढला होता का? घर उभं राहणार ते न मळलेल्या मातीवर.