पिवळ्या पिशवीतला कूर्चा

‘गुडघ्यातले वंगण संपले’, ‘वयोमानाने झीज होणारच’ ही दोन वाक्ये ऐकून रायगड किनाऱ्यावरच्या असंख्य बायका दवाखान्यातून वेदनाशामक गोळ्या घेऊन घरी परततात. दोन्ही वाक्यांमागे एकच समजूत आहे: गुडघा म्हणजे बैलगाडीची आस, वापरली की घासणार. मात्र गेल्या साठ वर्षांतले संशोधन वेगळे सांगते. संधिवाताच्या या सर्वांत मोठ्या प्रकारात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, कूर्चा नुसता घासून संपत नाही. त्यात राहणाऱ्या पेशी स्वतःच विकरे, म्हणजे एन्झाइम, तयार करून तो कापू लागतात. ही कापणी कोणत्या जनुकांच्या आज्ञेने सुरू होते आणि त्या जनुकांना कोण जागे करते, हा आजच्या संशोधनातला कळीचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा आपल्याच जिल्ह्यातल्या शस्त्रक्रियागृहांत पडून आहे आणि आपण तो रोज जाळायला पाठवतो.

कूर्च्याची ताकद कोलॅजन या प्रथिनाच्या पिळदार दोरांत असते. हे दोर सहजासहजी तुटत नाहीत. मग बेडकाच्या पिल्लाची शेपटी नाहीशी होताना त्यातले कोलॅजन जाते कुठे, या प्रश्नातून जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी १९६२ मध्ये कोलॅजन कापणारे विकर शोधले. पुढे अशा विकरांचे मोठे कुटुंबच सापडले. त्यातले कूर्च्याच्या कोलॅजनवर सर्वांत जोराने तुटून पडणारे एमएमपी-१३ हे विकर १९९४ मध्ये प्रथम ओळखले गेले, तेही स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीत. ते बनवणारे जनुक आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. निरोगी प्रौढ कूर्च्यात ते जवळजवळ गप्प असते. सांध्यात दाह झाला की इंटरल्युकिन-१ सारखे रेणू पेशीला हाका मारतात, पेशीतली एनएफ-कॅप्पा-बी आणि एपी-१ ही नियंत्रक प्रथिने जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर जाऊन बसतात आणि विकराचे उत्पादन सुरू होते. त्याच भागावर मिथाइलच्या रासायनिक खुणा जनुकाला गप्प ठेवायला हातभार लावतात. आजारी कूर्च्यात त्यांतल्या काही पुसल्या गेलेल्या आढळतात. तशा पेशीला पुढे जागे व्हायला फारसे निमित्त लागत नसावे.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे: विकरे कळून उपयोग काय झाला, औषध कुठे आहे? आक्षेप खरा आहे. विकरांचे हे सगळे कुटुंब एकदम अडवणारे मारिमास्टॅट हे औषध नव्वदच्या दशकात कर्करोगाच्या रुग्णांवर तपासले गेले, तेव्हा अनेकांचे खांदे आणि हातांचे सांधे दुखून आखडले. कूर्च्यातला दुसरा घटक, ॲग्रिकन, तोडणाऱ्या एडीएएमटीएस-५ या विकराचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे गुडघे वाचतात, हे २००५ मध्ये दिसले. पण ते विकर अडवणारे औषध २०२० मध्ये माणसांवरच्या चाचणीत कूर्च्याची हानी रोखू शकले नाही. पावसाळ्यात लेप्टोच्या भीतीने आपल्याकडे जी गोळी घरोघर माहीत झाली, ती डॉक्सिसायक्लिनही कोलॅजन कापणाऱ्या विकरांना आवर घालते. अमेरिकेत ४३१ लठ्ठ स्त्रियांवर ३० महिने ती तपासली गेली. दुखऱ्या गुडघ्यातली हाडांमधली फट अरुंद होण्याचा वेग कमी झाला, दुखणे मात्र कमी झाले नाही. (ही माहिती वाचून कुणी गुडघ्यासाठी ती गोळी सुरू करू नये.) या अपयशांतून मी ‘हा रस्ता बंद’ असा निष्कर्ष काढत नाही. ही विकरे शरीराला रोजच्या डागडुजीसाठी लागतात. ती सरसकट अडवली तर शरीर बिघडते. ती नेमकी कुठल्या पेशीत, कुठल्या कारणाने आणि आजाराच्या कुठल्या टप्प्यावर जास्त बनू लागतात, हे कळल्याशिवाय औषधाचा नेम लागणार नाही.

आणि हे ‘कुठल्या कारणाने’ सगळीकडे सारखे नसते. कूर्च्याच्या पेशींना वजनाची जाणीव असते. मध्यम, तालबद्ध दाब दाहाची आज्ञा दाबून टाकतो, तर अति किंवा फार वेळचा दाब ही विकरे वाढवतो, असे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. आता आपल्याकडच्या गुडघ्यांचे दिवसाचे काम पाहा. थळ, वरसोली किंवा मुरूडची कोळीण डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालते, मग तासन्‌तास बसक्या पाटावर बसून विकते. आषाढात लावणीला उतरलेली बाई चिखलात रुतलेला पाय उपसत दिवसभर वाकून सरकते. उकिडवे बसताना गुडघा १३० अंशांहून अधिक दुमडतो. बीजिंगमधल्या वृद्ध स्त्रियांत गुडघ्याचा हा आजार अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आणि खुब्याचा कितीतरी कमी आढळला. तरुणपणी फार वेळ उकिडवे बसण्याशी गुडघ्याच्या आजाराचे नातेही तिथे दिसले. २०२५ मध्ये जवळपास २० लाख माणसांच्या जनुकांवरून या आजाराचा नकाशा प्रसिद्ध झाला. काम थोर आहे, पण त्यातली बहुसंख्य माणसे युरोपीय वंशाची आहेत. महाराष्ट्रात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. सुमारे १८ टक्क्यांना सांधे-स्नायूंचे दुखणे निघाले, ऑस्टिओआर्थ्रायटिस सुमारे ६ टक्क्यांना. दुखणे किती पसरले आहे हे त्या पाहणीने दाखवले. पेशीच्या आत काय चालले आहे, हे घरोघरच्या पाहणीत कळणारे नाही.

ते कळायला ऊती लागते आणि ती इथे आहे. सांधेरोपणात सर्जन मांडीच्या व नडगीच्या हाडाची टोके पातळ चकत्यांसारखी कापून काढतो. एकाच चकतीवर एका बाजूला अजून पांढरा, तुकतुकीत कूर्चा असतो. दुसऱ्या बाजूला तो पिवळट, खरबरीत होत जातो आणि मध्ये उघडे हाड घासून चकचकीत झालेले असते. एकच माणूस, एकच आयुष्य, एकच जनुकसंच. तरी चार बोटांच्या अंतरावर एका ठिकाणच्या पेशी शांत आणि दुसऱ्या ठिकाणच्या बेफाम. तुलनेसाठी याहून चांगला नमुना मिळणे अवघड. जगभरच्या प्रयोगशाळा याच चकत्यांवर काम करतात. आपल्याकडे त्या २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे बहुतांशी पिवळ्या पिशवीत जातात. २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया जास्त घरांच्या आवाक्यात आली आहे. पनवेल परिसरात ती नित्याची आहे. आणि त्याच पनवेल तालुक्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था उभी आहे. रुग्णाच्या संमतीने गाठींचे तुकडे गोठवून जपण्याची पद्धत या केंद्रात मुरलेली आहे. एमएमपी-१३ कर्करोगाच्या गाठीतच सापडले होते, हे लक्षात घेतले तर दोन्ही संशोधनांची अवजारे एकच का, हे वेगळे सांगायला नको.

जिथे श्रीवर्धन-म्हसळ्याच्या रुग्णाला अस्थिरोगतज्ज्ञासाठी दूर जावे लागते, तिथे जनुकांच्या गप्पा कशाला, असे कुणी म्हणेल. हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. तज्ज्ञ, भौतिकोपचार आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आधी पोचले पाहिजेत, यात वाद नाही. पण ऊती जपण्याचा खर्च तज्ज्ञाच्या पगारातून कापावा लागत नाही. नमुना आधीच कापलेला असतो. लागते ती थंड साठवण, नीट नोंद आणि संमती. ती संमती शस्त्रक्रियेच्या घाईत सहीसाठी सरकवलेल्या इंग्रजी कागदावर घेऊन चालणार नाही. मराठीत, आदल्या दिवशी, नातेवाइकांसमोर, नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही हे स्पष्ट सांगून ती घ्यावी लागेल. नाव वेगळे काढून नमुन्याला क्रमांक द्यावा लागेल. सोबत दोन साधे प्रश्न हवेत: आयुष्यभर काम काय केले आणि दिवसात किती वेळ उकिडवे बसणे झाले. या नोंदीविना नमुना अर्धा मुका राहील. अलिबागचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अजून नवे आहे; त्याच्या पदव्युत्तर प्रबंधांसाठी हा विषय घेता येईल. कामोठ्याच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाकडे तर अस्थिरोग विभाग आणि प्रयोगशाळा दोन्ही आहेत. दोघांच्या नैतिकता समित्यांनी एक सामायिक संमतीपत्र मंजूर केले आणि खारघरच्या शीतपेटीत जागा मागितली, तर पुढच्या लावणीच्या आत पहिले नमुने साठवता येतील.