सायकलवाल्याने कुठल्या वाटेने जावे?



गळिताचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे तक्रारी येतात त्या तोड लांबल्याच्या, टोळी न आल्याच्या, वजनकाट्यावरच्या रांगेच्या. सायकलवाल्याची तक्रार घेऊन गट ऑफिसात सहसा कुणी येत नाही. पण कार्यक्षेत्रात सायकल आजही चालते. हायस्कूलची पोरं, पहिल्या पाळीचे कामगार, दूध घालणारे, मळ्यात पाणी पाजायला जाणारे गडी, हे सगळे ज्या रस्त्याने जातात त्याच रस्त्याने चार-पाच महिने ऊस येतो. अपघाताविषयी पुष्कळ बोलले जाते, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टरही लावले जातात. नाकावाटे छातीत काय जाते, हा विषय मात्र कुणी काढत नाही. तो आम्ही इथे काढतो आहोत.

सायकल मारणारा माणूस नुसत्या बसलेल्या माणसाच्या दुप्पट ते चौपट हवा छातीत घेतो. आता आपल्या रस्त्यावरचा एखादा चढ डोळ्यापुढे आणा. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढाला लागला की इंजिनावर ताण येतो आणि काळा धूर सुटतो. त्याच चढावर सायकलवालाही उभा राहून पायडल मारत असतो. म्हणजे धूर सर्वांत जास्त तिथेच, आणि श्वासही सर्वांत मोठा तिथेच. काही पोरं तर ट्रॉलीची मागची बाजू धरून फुकटात चढ चढतात आणि जाता जाता एखादे कांडेही ओढतात! जिवाला धोका तो आहेच, शिवाय तेवढा वेळ तोंड धुरात आणि फुफाट्यात. ट्रक आणि मोटारींना १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. ट्रॅक्टरचे नियम वेगळे आहेत, आणि ऊस ओढणारे कित्येक ट्रॅक्टर जुने आहेत. धुरातले घातक कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. उपरण्याने नाक बांधले तर फुफाटा अडतो, हे कण फारसे अडत नाहीत.

म्हणून सायकल सोडा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली हिशेब मांडला, तेव्हा बहुतेक शहरांत सायकलीचा फायदा खराब हवेच्या तोट्यापेक्षा जास्तच निघाला. प्रश्न आहे तो वाटेचा.

लॉस एंजेलिसमधल्या एका मोठ्या हमरस्त्याच्या कडेची मोजणी २००२ साली प्रसिद्ध झाली. अतिसूक्ष्म कण रस्त्यालगत सर्वांत जास्त होते आणि रस्त्यापासून ३०० मीटरवर ते आसपासच्या साध्या हवेइतकेच राहिले होते. ३०० मीटर म्हणजे आपल्याकडची दोन-तीन शेते. तेवढ्या अंतरावर बहुतेक गावांत पाटाचा रस्ता किंवा जुनी पाणंद आहेच.

कुणी म्हणेल, पाणंदीने वेळ जास्त लागतो, मग हवाही जास्त घेतली जाणार. बरोबर आहे. रस्त्याने २० मिनिटे आणि पाणंदीने २६ मिनिटे लागत असतील, तर श्वास तीस टक्क्यांनी वाढले. पण पाणंदीची हवा पाव हिश्शाने जरी स्वच्छ असली तरी हिशेब फायद्यातच राहतो. उसाच्या गाड्यांचा रस्ता आणि शेतातली पाणंद यांत एवढा फरक असायला हरकत नसावी.

शिवाय आपल्याकडे एक सोय आपोआपच झालेली आहे. पावसाळ्यात काळ्या रानातली पाणंद चिखलाने बंद, पण तेव्हा गळीतही बंद. त्या दिवसांत हमरस्त्याने खुशाल जावे. धुराडे पेटते तोवर पाणंद वाळलेली असते.

मग पोरं पाणंदीने का जात नाहीत? पहिले कारण आपणच आहोत. दरवर्षी नांगराचे एक-एक तास पुढे सरकवून कित्येक पाणंदी सायकलीपुरत्याही उरलेल्या नाहीत. अडवलेल्या वाटेसाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येते, हे खरे. पण भावकीत दावे लावण्यापेक्षा एक तास मागे घेणे स्वस्त पडते. दुसरे कारण एकांताचे. दोन्ही बाजूंना डोक्यावरून ऊस, मुलीबाळींना एकटे कोण पाठवील? जुन्नर-संगमनेरकडे तर उसात बिबट्याचे भय आहे. तिथे आम्हीही आग्रह धरणार नाही. सकाळी चार-पाच जणांनी मिळून पाणंदीने जावे, संध्याकाळी अंधार पडणार असेल तर रस्त्यानेच यावे. वाट निवडताना हवा ही एकच गोष्ट पाहायची नसते.

तिसरे कारण पाचट. हे आमच्या खात्याचे, म्हणून थोडे कडक लिहितो. ऊस तुटला की संध्याकाळी काडी लावायची, ही खोड अजून गेलेली नाही. थंडीत धूर वर चढत नाही, रानातच पसरून राहतो आणि सकाळी शाळेला निघालेली पोरं त्यातून जातात. म्हणजे ज्या वाटेने जा म्हणून आम्ही सांगतो तीच वाट सभासद खराब करून ठेवणार! हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत दाबून ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले तर जागेवरच खत होते. खोडव्याला पाणी कमी लागते ते वेगळेच. हे आम्ही शेतकरी मेळाव्यात इतक्यांदा सांगितले आहे की आता लोक आम्हालाच ‘पाचटसाहेब’ म्हणतात. म्हणोत बापडे.

कारखान्याकडेही बोट दाखवायला हवे. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी तासभर भरलेल्या गाड्या गावाबाहेर थांबवता येतील. मोकळ्या गाड्या दुसऱ्या रस्त्याने परत पाठवता येतील. वाहनमालकांशी करार करतानाच काळा धूर ओकणारे इंजिन दुरुस्त करून आणण्याची अट घालता येईल. यात गाळपाला खीळ बसेल असे आम्हांस वाटत नाही. हे मुद्दे आम्ही शेती समितीपुढे मांडणार आहोत.

आपल्या गावची कुठली पाणंद सायकलीला मोकळी आहे आणि कुठली कुठे अडली आहे, एवढे सभासदांनी ऊसतोड कार्यक्रम जाहीर होण्यापूर्वी गट ऑफिसात किंवा चिटबॉयजवळ लिहून द्यावे. नाव घातले नाही तरी चालेल, गट नंबर मात्र घालावा.