टोपी कुणाची, हिशेब कुणाचा?

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, एक गंमत हमखास पाहायला मिळते. आयुक्त ॲडम सिल्व्हर नाव पुकारतात. कडक सूट चढवलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आईला मिठी मारून उठतो, डोक्यावर संघाची टोपी चढवतो आणि हस्तांदोलनासाठी मंचावर जातो. कधी कधी मात्र ती टोपी परक्याची असते. सौदा आत ठरलेला असतो, कागद पुरे व्हायचे राहिलेले असतात, एवढेच. १९९६ मध्ये कोबी ब्रायंटने अशीच शार्लट हॉर्नेट्सची टोपी घातली आणि आयुष्यभर खेळला लॉस एंजेलिस लेकर्सकडून. २०१८ मध्ये लुका डॉन्चिचच्या डोक्यावर अटलांटाची टोपी होती आणि ट्रे यंगच्या डोक्यावर डॅलसची. रात्र सरेपर्यंत दोघांची अदलाबदल झाली. ‘टोपी घालणे’ याला मराठीत वेगळा अर्थ आहे. अशा रात्री दोन्ही शहरांतले चाहते नेमके त्याच अर्थाने विचारत असतात, की कुणी कुणाला घातली?

२०२५ मध्ये हा प्रश्न न्यू ऑर्लिन्समध्ये विचारला गेला. बुधवारी, २५ जूनच्या रात्री ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये ड्राफ्टची पहिली फेरी झाली. आपल्याकडे तेव्हा गुरुवार उजाडत होता. तेराव्या क्रमांकावर अटलांटा हॉक्सच्या नावाने मेरीलँड विद्यापीठाचा डेरिक क्वीन निवडला गेला. तो खेळणार मात्र न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सकडून. तेविसावरून तेरावर, म्हणजे दहा पायऱ्या वर सरकण्यासाठी पेलिकन्सने आपला तेविसावा क्रमांक तर दिलाच, शिवाय २०२६ च्या पहिल्या फेरीतला एक क्रमांकही देऊन टाकला. न्यू ऑर्लिन्सचा आणि मिलवॉकीचा, यांपैकी जो वरचा ठरेल तो. कोणतीही अट नाही, कोणतेही कवच नाही.

ज्यांना या खेळाचा व्यवहार ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढे सांगायला हवे, की ड्राफ्टमध्ये दुबळ्याला आधी वाढतात. बाद फेरी न गाठलेल्या चौदा संघांची लॉटरी निघते आणि साधारणपणे जितका संघ तळाला, तितकी त्याची संधी मोठी. त्यामुळे पुढच्या वर्षीचा क्रमांक देणे म्हणजे रक्कम न लिहिता हुंडी देणे. आपण चांगले खेळलो तर ती थोडक्यात फिटते, वाईट खेळलो तर घर विकायला लावते. २०२४-२५ च्या मोसमात पेलिकन्सने ८२ पैकी २१ सामने जिंकले होते. एवढ्या तळच्या संघाने अशी कोरी हुंडी लिहून दिली, यावरून वाद पेटला.

एक बाजू म्हणते, क्वीनसारखे हात असलेला उंच खेळाडू रोज मिळत नाही. झायन विल्यमसन त्या मोसमात जेमतेम तीस सामने खेळला, डिजॉन्टे मरे टाच दुखावून बसला; धडधाकट संघ उतरला तर तळाला राहील कशाला? दुसरी बाजू म्हणते, दुखापती होणार नाहीत या भरवशावर कुणी कर्ज काढते का? बाजारात तुरी म्हणतात तशातली गत.

चाहत्यांच्या या भांडणाकडे पोक्तपणे हसून पाहण्याची रीत आहे. ‘पाच वर्षे थांबा, मग कळेल’ असे सांगितले की शहाणपणा केल्यासारखे वाटते. आम्हाला ती रीत मान्य नाही. पाच वर्षांनी खेळाडू कसा निघाला ते कळते; त्या रात्रीचा निर्णय शहाणपणाचा होता का, हे त्यावरून कळतेच असे नाही.

१९९८ पाहा. मिलवॉकीने डर्क नोविट्झ्की नावाचा जर्मन पोरगा नवव्या क्रमांकावर घेऊन डॅलसला दिला आणि बदल्यात रॉबर्ट ट्रेलर घेतला. डर्क डॅलसकडून २१ मोसम खेळला, २०११ मध्ये त्याने शहराला अजिंक्यपद मिळवून दिले. ट्रेलर त्या विजयाच्या महिनाभर आधी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारला. निकाल पाहिला तर मिलवॉकीने हिरा देऊन गारगोटी घेतली. पण त्या जूनमध्ये डर्क जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. ट्रेलर मिशिगन विद्यापीठात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडला होता. मिलवॉकी चुकली, पण मूर्ख ठरली नाही.

२०१८ ची गोष्ट वेगळी. तेव्हा एकोणीस वर्षांचा डॉन्चिच रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकून, तिचा सर्वोत्तम खेळाडू ठरून आला होता. माहिती उघड्यावर पडली होती. तरी फिनिक्सने पहिल्या क्रमांकावर दुसराच घेतला. स्लोव्हेनियाला डॉन्चिचसह युरोपविजेते करणारा प्रशिक्षक नुकताच त्यांनी नेमला असतानासुद्धा! दुसरा क्रमांक होता सॅक्रामेंटोचा. त्या संघाचे मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे आणि व्यवस्थापक व्लाडे डिव्हाट्स, म्हणजे १९९६ मध्ये कोबीच्या बदल्यात लेकर्सने शार्लटला दिलेला तोच खेळाडू. त्यांनीही डॉन्चिचला सोडले. तिसऱ्या क्रमांकावर अटलांटाने त्याला घेतले आणि यंग व पुढच्या वर्षीचा एक क्रमांक घेऊन डॅलसच्या हवाली केले. यंगने २०२१ मध्ये अटलांटाला पूर्व विभागाच्या अंतिम लढतीपर्यंत नेले, हे खरे. पण त्या रात्री कपाळाला हात लावणारा अटलांटाचा चाहता भावनेच्या भरात बोलत नव्हता. तो हातातला कागद वाचून बोलत होता.

म्हणून खेळाडूवरचा वाद आणि किमतीवरचा वाद वेगळे ठेवायला हवेत. क्वीन उद्या मोठा खेळाडू होईलही; तसे झाले तर आनंदच आहे. तरी किंमत जास्त मोजली, असे आज म्हणणारा चाहता तेव्हा खोटा ठरत नाही. अशा हुंड्यांचे मोल काय असते हे कळायला पाच वर्षे थांबायचीही गरज नव्हती. तीन दिवस मागे पाहिले तरी पुरे होते. २२ जूनला ओक्लाहोमा सिटीने अजिंक्यपद जिंकले. २०१९ मध्ये पॉल जॉर्जला देऊन त्यांनी लॉस एंजेलिस क्लिपर्सकडून शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीतले पाच क्रमांक घेतले होते. गिल्जस-अलेक्झांडर २०२५ मध्ये स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्या क्रमांकांपैकी एकातून आलेल्या जेलन विल्यम्सने अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात ४० गुण ठोकले.

अर्थात नशिबाचा वाटा कुणाला नाकारता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने डॉन्चिचला लेकर्सला देऊन टाकले, तेव्हा चिडलेल्या चाहत्यांनी मैदानाबाहेर, डर्कच्या पुतळ्यापाशी, शवपेटी आणून ठेवली. मे महिन्यात अवघी १.८ टक्के शक्यता असताना लॉटरी त्याच डॅलसला लागली आणि त्या बुधवारी त्यांनी कूपर फ्लॅगला पहिल्या क्रमांकावर घेतले. दैवाने दिलेले दान चुकलेल्या हिशेबाची पावती मात्र नसते. त्याच्या दहा वर्षे आधी, २५ जूनलाच, बार्कलेज सेंटरमध्येच डॅलसने बावन्नाव्या क्रमांकावर पंजाबच्या सतनाम सिंगला निवडले होते. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. आपण इकडे केवढे हरखलो होतो! एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. निवड ही नुसती आशा असते, हे त्यापेक्षा स्वच्छ कोण सांगेल?

पण आशा विकत घेतो कोण आणि तिचे हप्ते भरतो कोण? २०१८ चे निर्णय घेणारे अटलांटा, डॅलस, सॅक्रामेंटो आणि फिनिक्सचे प्रमुख आज त्या खुर्च्यांत नाहीत. न्यू ऑर्लिन्सची सूत्रे जो डुमार्स यांच्याकडे येऊनही त्या रात्री दोनच महिने झाले होते. खेळाडूची टोपी तासाभरात बदलते, व्यवस्थापकाची दोन-चार वर्षांत. चाहत्याची बदलत नाही, म्हणून कोणत्या रात्री काय ठाऊक होते याची वही त्याच्याचकडे राहते. तिला कुरकुर म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण दुसरी वही कुणी ठेवतच नाही.

२०२६ च्या मे महिन्यात लॉटरीचे चेंडू फिरतील. पेलिकन्सचा मोसम फसलाच, तर न्यू ऑर्लिन्समधला एखादा बाप लेकाला शेजारी बसवून पडद्याकडे पाहत असेल आणि आपल्याच संघाचा नंबर लागू नये म्हणून देवाचा धावा करत असेल. क्वीन तोवर कितीही छान खेळलेला असो, त्या संध्याकाळी लेक बापाला विचारील, की बाबा, आपला नंबर लागला तर वाईट का? त्याचे उत्तर देताना बापाला त्या बुधवारची रात्र पहिल्यापासून सांगावी लागेल.