कणांची नावे आणि समीक्षेची उसनवारी

साहित्यसमीक्षेत भौतिकशास्त्राचा उल्लेख आला की तो बहुधा हायझेनबर्गचा असतो. त्याने १९२७ साली मांडलेले अनिश्चिततेचे तत्त्व सांगायचे आणि 'अर्थही असाच अनिश्चित असतो' असे म्हणून पुढे जायचे, ही रीत आता चांगलीच रुळली आहे. आमचा या रीतीला विरोध आहे. हायझेनबर्गची अनिश्चितता किती, हे सूत्राने सांगता येते; समीक्षेतल्या अनिश्चिततेला असे कोणतेच माप नसते. शिवाय एकट्या कणापाशी थांबल्यामुळे पुंजयामिकीचा जो भाग भाषेच्या अभ्यासकाला खरोखर अस्वस्थ करील, तो दृष्टीआड राहतो. तो भाग एकाहून अधिक कणांचा आहे.

एक साधी मोजणी करून पाहावी. दोन कण आहेत आणि दोन कप्पे. कणांना 'पहिला' आणि 'दुसरा' अशी नावे दिली की चार मांडण्या होतात: दोन्ही डावीकडे; दोन्ही उजवीकडे; पहिला डावीकडे व दुसरा उजवीकडे; आणि याच्या उलट. चारही सारख्याच संभाव्य धरल्या, तर दोन्ही कण एकाच कप्प्यात असण्याची शक्यता निम्मी येते. ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली आइन्स्टाइनकडे पाठवलेल्या निबंधात प्रकाशकणांची मोजणी निराळ्या रीतीने केली होती. आइन्स्टाइनने तो निबंध स्वतः जर्मनमध्ये अनुवादून प्रसिद्ध करवला. या मोजणीत शेवटच्या दोन मांडण्या एकच ठरतात. चारांच्या तीन होतात आणि एकत्र असण्याची शक्यता दोन तृतीयांश होते. प्लांकचा प्रारणाचा नियम अशाच मोजणीतून मिळतो आणि तो प्रयोगाला उतरलेला आहे. म्हणजे 'पहिला' आणि 'दुसरा' हा भेद कणांत नव्हताच. तो आपल्या लिहिण्यात होता.

येथे भाषेच्या अभ्यासकाने थांबावे असे आम्हांस वाटते. दोन कणांविषयी लिहायचे तर भौतिकशास्त्रज्ञालाही नावे द्यावीच लागतात. मग तो नावांची अदलाबदल करून तेच विधान पुन्हा लिहितो आणि दोन्ही विधाने एकत्र करतो. प्रकाशकणांच्या बाबतीत त्यांची बेरीज होते, इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत वजाबाकी. लेखनाने आणलेला भेद लेखनानेच मिटवायचा, अशी ही शिस्त आहे. वजाबाकीचा परिणाम तर फार दूरवर जातो. दोन इलेक्ट्रॉन अगदी एकाच अवस्थेत आहेत असे लिहिले, की दोन्ही विधाने तंतोतंत सारखी होतात आणि वजाबाकी शून्य येते. अशी अवस्था संभवतच नाही. पाउलीने १९२५ साली मांडलेला वर्जन नियम तो हाच. अणूतले सगळे इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या पातळीवर गोळा होत नाहीत, मूलद्रव्यांचे गुणधर्म आवर्तसारणीत ठरावीक क्रमाने पुन्हापुन्हा येतात, ते यामुळे.

दुसरी गोष्ट अवस्थेविषयीची. १९३५ साली श्रोडिंगरने दाखवून दिले, की दोन कणांच्या समग्र अवस्थेचे ज्ञान पूर्ण असूनही त्यांतील एकेका कणाला स्वतःची अशी निश्चित अवस्था नसू शकते. यालाच कणांचे परस्परांत गुंतलेले असणे म्हणतात. ही तात्त्विक लहर नव्हे. बेलने १९६४ साली तिची कसोटी सुचवली, पुढे प्रयोगांनी ती घेतली, आणि त्या कामासाठी आस्पे, क्लाउजर व त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे वाचून 'आंतरसंहितात्मकता म्हणजे असेच गुंतलेपण' असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा. दोन संहितांचे नाते वाचकाच्या स्मृतीतून, इतिहासातून आणि भाषेतून जुळते. कणांच्या नात्याला यांपैकी कशाचाच आधार नसतो. 'गुंतलेपण' हा शब्द खोडूनही निबंधाचा युक्तिवाद जसाच्या तसा उभा राहत असेल, तर तो शब्द तेथे केवळ अलंकार होता.

मग समीक्षेने यातून घ्यावे ते काय? आमच्या मते, एक प्रश्न. आपण ज्यांना दोन मानून मोजतो ते मुळात दोन आहेत, की आपल्या परिभाषेने त्यांना दोन केले आहे? 'आशय' आणि 'अभिव्यक्ती', 'लेखक' आणि 'निवेदक' या जोड्या आपण वर्गात रोज वापरतो. त्यांतील काही भेद खरे असतील, काही केवळ लिहिण्याच्या सोयीचे. भौतिकशास्त्राला हा निवाडा प्रयोगातून मिळतो. आपल्याकडे प्रयोग नाही. कृतीचे बारकाईने केलेले वाचन आहे. निवाडा त्यावरच व्हावा, उसन्या शब्दाच्या वजनावर नव्हे.