फुफ्फुसांच्या रोगात मूत्रपिंडांवर घाला

अतिदक्षता विभागाच्या काचेतून आत पाहणाऱ्या नातेवाइकांची नजर प्राणवायूच्या आकड्यावर खिळलेली असते. खाटेच्या कडेला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीकडे सहसा कोणी पाहत नाही. डॉक्टर आणि परिचारिका मात्र तिची तासातासाला नोंद ठेवतात. ६० किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. सलग सहा तास ती त्याहून कमी झाली, तर मूत्रपिंडांना इजा झाल्याचे मानतात.

कोविडच्या साथीत या पिशवीचे मोल नव्याने कळले. हा रोग फुफ्फुसांचा, असेच आधी सर्वांना वाटले होते. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूयॉर्क परिसरातील १३ रुग्णालयांत दाखल झालेल्या ५,४४९ रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा ३६.६ टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झालेली आढळली. कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्यांत तर दहांतील नऊ जणांना! त्या शहरात डायलिसिसचे साहित्य अपुरे पडले. रक्त गाळणाऱ्या जाळीतच गुठळ्या होऊन यंत्रे अडत. काही रुग्णालयांनी मग पोटातून डायलिसिस करण्याच्या जुन्या पद्धतीचा आधार घेतला.

असे का व्हावे? विषाणू थेट मूत्रपिंडात शिरतो का, यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला. बहुतेक रुग्णांत मात्र कारण साधेच दिसते. ताप, जुलाब, सुटलेले खाणेपिणे यांमुळे अंगातले पाणी कमी होते, रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडांना रक्त पुरेसे मिळत नाही. मग त्यांतील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरू लागतात. शरीरभर उसळलेला दाह त्यात भर घालतो. अंगदुखीवर घरच्या घरी घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटवतात. डेंग्यूच्या तापातही या गोळ्या टाळायला सांगतात, त्याचे हे एक कारण. रक्तस्रावाची भीती हे दुसरे.

दिलासा एवढाच, की या नलिकांच्या पेशी पुन्हा वाढू शकतात. डायलिसिसवर गेलेल्या अनेकांची लघवी काही आठवड्यांत पूर्ववत झाली. सर्वांची मात्र नाही. विशेषतः आधीच मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांची. रुग्ण घरी चालता-फिरता झाला, की घरचे निश्चिंत होतात आणि पुढची तपासणी राहून जाते. रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची असतात. रुग्णालयातून सुटताना मिळालेल्या कागदावर तसे लिहिलेले नसेल, तर डॉक्टरांना विचारून घ्यावे.